ब्रॅग, मग लिबर्टी, मग परत ब्रॅग: एका छावणीवर आलेली तुमची पत्रं

मागच्या अंकात कोपऱ्यात चार ओळींची चौकट टाकली होती, की अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या त्या भल्यामोठ्या लष्करी तळाला आता परत फोर्ट ब्रॅग म्हणतात. खरं सांगायचं तर पानावर जागा उरली होती म्हणून टाकली. तर त्या चार ओळींवर जेवढी पत्रं आणि मेसेज आले तेवढे मुख्य लेखावर पण आले नाहीत, आणि मुख्य लेख माझा होता, असो. यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतोय. प्रश्न थोडे कापलेत, आशय तोच ठेवलाय.

माझा मुलगा नॉर्थ कॅरोलिनातच रॅलेला नोकरीला आहे. २०२२ ला गेले तेव्हा रस्त्यावर फोर्ट ब्रॅगची पाटी होती, २०२४ ला बघते तर फोर्ट लिबर्टी, आणि आता तो फोनवर म्हणतो परत ब्रॅग झालं. एवढ्या मोठ्या देशाला एक नाव धड ठरवता येत नाही का? (एक निवृत्त शिक्षिका)

बाई, ठरवता येतं, पण ठरवणारे बदलतात ना. झालं असं की १९१८ पासून नाव ब्रॅगच होतं. हा ब्रॅग म्हणजे ब्रॅक्स्टन ब्रॅग, यादवी युद्धात दक्षिणेकडच्या कॉन्फेडरेट बाजूचा जनरल, म्हणजे गुलामगिरी टिकवायला जे देशापासून फुटून निघाले त्यांचा. ज्या सैन्याविरुद्ध माणूस लढला त्याच सैन्याने आपल्या तळाला त्याचं नाव दिलं, आणि हा काही एकटा नाही, असे नऊ तळ होते. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसांच्या हातून गेला, देशभर मोर्चे निघाले, आणि इतकी वर्षं कोणाला न खुपणारी ही नावं एकदम खुपायला लागली. म्हणजे काळ्या सैनिकांना ती आधीपासून खुपतच असणार, ऐकून कोण घेत होतं. मग काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, संरक्षण खर्चाच्या कायद्यातच नावं बदलायचं कलम घुसवलं, ट्रम्पनी व्हेटो मारला, आणि १ जानेवारी २०२१ ला सिनेटने तो व्हेटो मोडून काढला, ऐन नवीन वर्षाच्या दिवशी. आयोग बसला, यादी झाली, आणि २ जून २०२३ ला ब्रॅगचं लिबर्टी झालं.

बाकीच्या आठ तळांना माणसांची नावं मिळाली, फक्त इथेच माणूस नाही तर कल्पना. कारण इथे दावेदार फार, पॅराशूटवाल्यांना त्यांचा माणूस हवा, स्पेशल फोर्सेसवाल्यांना, म्हणजे कमांडोंना, त्यांचा. शेवटी, माझा मुलगा लिबर्टीसाठी गेला, असं युद्धात मुलगा गमावलेल्या एका आईने सांगितलं आणि तेच नाव धरलं असं सैन्याकडून सांगितलं गेलं. पाट्या, गाड्या, लेटरहेड, सगळं बदलायचा आयोगाचा अंदाज या एका तळापुरता ६० लाख डॉलरच्या वर होता.

आता पुढची गंमत. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी युरोपला जाता जाता विमानातच आदेशावर सही केली, की परत ब्रॅग. पण कॉन्फेडरेट माणसाचं नाव द्यायला कायद्याने बंदी आहे, ती तशीच आहे. मग काय केलं तर दुसरा ब्रॅग शोधून काढला. रोलंड ब्रॅग, मेन राज्यातला, हुद्दा प्रायव्हेट फर्स्ट क्लास, म्हणजे साधा शिपाईगडीच म्हणा. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममधल्या बल्जच्या लढाईत या माणसाने चक्क जर्मनांची अँब्युलन्स पळवली आणि जखमी सोबत्याला आत घालून २० मैलांवरच्या दोस्तांच्या हॉस्पिटलपर्यंत हाणत नेली. सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं, १९९९ मध्ये वारले.

पराक्रम खराच आहे, त्यात काही शंका नाही. पण त्यांचं आडनाव स्मिथ असतं तर त्यांना कोणी शोधलं असतं का, तुम्हीच सांगा. पुढे बाकीच्या आठ तळांना पण हीच युक्ती लावली, जुनं आडनाव तेच, माणूस नवा. फोर्ट गॉर्डनसाठी तर १९९३ ला सोमालियातल्या मोगादिशूत मारला गेलेला गॅरी गॉर्डन सापडला. तो या ब्रॅगवरूनच गेलेल्या डेल्टा फोर्स या कमांडो तुकडीचा होता.

तर बाई, आत्ता बरोबर नाव फोर्ट ब्रॅग. आणि शेजारच्या फाएटविल गावातले बरेच लोक मधल्या पावणेदोन वर्षांत पण ब्रॅगच म्हणत होते. सवय हो.

पण मुळात हरलेल्या बाजूच्या जनरलचं नाव द्यायचंच का? निदान हुशार तरी होता का तो? (कायद्याचा विद्यार्थी)

हुशार होता, पण नको तिथे. आधी मेक्सिकोच्या युद्धात तोफखान्याचा अधिकारी म्हणून त्याने नाव कमावलं होतं, १८४७ ला ब्युएना व्हिस्टाच्या लढाईत त्याच्या तोफांनी बाजी सावरली. जन्म नॉर्थ कॅरोलिनाचा. त्यामुळे १९१८ ला याच राज्यात तोफखान्याची छावणी उभी करायची ठरली तेव्हा स्थानिक माणूस, तोफखान्याचा माणूस, दोन्ही खाती जुळली. शिवाय दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांना खूश ठेवायचं होतं, त्यांच्याच भागात जमिनी घ्यायच्या होत्या. काळ्यांना वेगळं बसवण्याचा तो काळ, त्यांना विचारायला कोण जाणार.

यादवी युद्धात मात्र त्याचा रेकॉर्ड यथातथाच. चिकमॉगाला जिंकला आणि दोनच महिन्यांत चॅटानूगाला सपाटून मार खाल्ला. हाताखालचे जनरल त्याला वैतागलेले, तो त्यांना. त्याच्या भांडकुदळपणाचा एक किस्सा खुद्द ग्रँटने, म्हणजे जिंकलेल्या बाजूच्या सेनापतीने, आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. तरुणपणी एका ठाण्यावर ब्रॅग एका कंपनीचा कमांडर होता आणि तात्पुरता क्वार्टरमास्टर, म्हणजे सामान पुरवणारा अधिकारी, पण तोच. तर कमांडर ब्रॅगने सामानासाठी इंडेंट टाकलं. क्वार्टरमास्टर ब्रॅगने ते नामंजूर करून मागे शेरा मारला. कमांडर ब्रॅगने उलट शेरा मारला की माझा हक्कच आहे. क्वार्टरमास्टर ब्रॅग ऐकेना. शेवटी ते कागद घेऊन स्वारी ठाण्याच्या प्रमुखाकडे निवाड्याला, आणि तो बिचारा डोक्याला हात लावून म्हणाला की अहो ब्रॅग, सैन्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याशी तुमचं भांडून झालं, आता स्वतःशीच भांडायला लागलात! ग्रँटने पण ही सैन्यात सांगतात ती गोष्ट म्हणूनच सांगितलीय, खरीखोटी देव जाणे, पण ज्याने सरकारी ऑफिसात एकदा तरी फाइल फिरवलीय त्याला पटेल.

आणि युद्धातला पराभव बाजूला ठेवला तरी लुइझियानात त्याचा उसाचा मळा होता आणि तो गुलामांच्या जिवावर चालायचा, हे विसरून चालणार नाही.

फोर्ट म्हणजे किल्ला ना? फोटोत तटबंदी, बुरूज काही दिसत नाही, नुसती झाडं. आणि एवढी जागा लागते कशाला? (बारावीतली मुलगी)

छान प्रश्न आहे तुझा. अमेरिकन आर्मीत फोर्ट म्हणजे कायमची छावणी, बस. तात्पुरती असेल तर कॅम्प. हवाई दलाचा असेल तर बेस. भिंत असो नसो. ब्रॅग पण आधी कॅम्पच होता, १९२२ ला फोर्ट झाला. पण त्या मधल्या चार वर्षांत तो जवळपास मेला होता.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेला तोफखान्याच्या सरावाला जागा हवी होती. तोफ म्हणजे बंदूक नाही, गोळा मैलोनमैल जातो, कुठेतरी पडतो, आणि जिथे पडतो तिथे कोणी असून चालत नाही. म्हणून मोकळी जमीन हवी, पाणी हवं, जवळ रेल्वे हवी, आणि थंडीत सराव बंद पडायला नको. हे सगळं मिळालं नॉर्थ कॅरोलिनाच्या सँडहिल्समध्ये. नावातच आहे, वाळूच्या टेकड्या. एकेकाळी समुद्रकिनारा होता म्हणे तो, पिकं धड येत नाहीत, येतात ती पाइनची झाडं. पूर्वी त्या झाडांना चिरा पाडून राळ काढायचे, डांबर आणि टर्पेंटाइन करायचे, लाकडी जहाजांना ते लागायचं, त्यावरूनच तिथल्या लोकांना टार हील, म्हणजे डांबरी टाचेचे, म्हणतात. जमीन हलकी म्हणून स्वस्त, वस्ती विरळ, आणि पाऊस पडला तरी वाळूत मुरून जातो, चिखलात तोफा रुतत नाहीत. तोफखान्याला अजून काय पाहिजे.

सप्टेंबर १९१८ ला छावणीचा आदेश निघाला. आणि नोव्हेंबर १९१८ ला युद्ध संपलं! जेमतेम दोन महिने झाले होते. आता या हजारो एकरांचं करायचं काय, तर १९२१ मध्ये छावणी गुंडाळायचा निर्णय झाला. तिथला प्रमुख जनरल बौली नावाचा गृहस्थ मात्र हटून बसला, वॉशिंग्टनला खेटे घातले, युद्धमंत्री वीक्स यांना प्रत्यक्ष येऊन बघा म्हणाला, ते आले, त्यांनी बघितलं, आणि आदेश मागे घेतला. मला या सगळ्या इतिहासात हाच प्रसंग सगळ्यात आवडतो, कारण बौलीने चिकाटी सोडली असती तर आज तिथे पाइनचं रान आणि दोन-चार गोल्फ कोर्स असते.

पुढची वीस वर्षं सुस्तीतच गेली. १९४० च्या उन्हाळ्यात तिथे जेमतेम ५,४०० माणसं. युरोपात हिटलरने धुमाकूळ घातलेला, इकडे सक्तीची भरती सुरू झाली, आणि वर्षभरात आकडा ६७,००० वर. विचार कर, वर्षभरात बारापट माणसं, त्यांची जेवणं, अंथरुणं, संडास. लाकडी बराकी साच्यातून काढल्यासारख्या रांगेने उठत गेल्या, सगळ्या एकसारख्या, काही वर्षं टिकल्या तरी पुरे या हिशोबाने बांधलेल्या, आणि त्यातल्या कितीतरी पुढे कित्येक दशकं वापरात राहिल्या, तात्पुरत्या सरकारी इमारतींचं नशीब सगळीकडे सारखंच. युद्ध ऐन भरात असताना तिथली संख्या १,५९,००० पर्यंत गेली होती.

आज जागा साधारण ६५० चौरस किलोमीटर आणि सैनिक ५०,००० च्या आसपास, वर त्यांची कुटुंबं, नागरी कर्मचारी वेगळे. त्यातला गावासारखा भाग थोडा, शाळा, हॉस्पिटल, सुपरमार्केट, थडगी, सगळं आहे त्यात. बाकी सगळी चांदमारी, उड्या मारायची मैदानं आणि जंगल.

तू किल्ला विचारलास म्हणून अजून एक. या जमिनीवर खरी लढाई पण झालीय, छावणी व्हायच्या कितीतरी आधी, १० मार्च १८६५ ला. उत्तरेकडचा घोडदळाचा जनरल किलपॅट्रिक मनरोज क्रॉसरोड्स नावाच्या जागी एका घरात मुक्कामाला होता, पहाटे कॉन्फेडरेट स्वारांनी छापा घातला आणि जनरलसाहेब नुसत्या आतल्या कपड्यांवर पळत सुटले. नंतर त्यांनी माणसं गोळा करून छावणी परत घेतली, पण लोकांच्या लक्षात राहिला तो शर्टाचा सोगा. ती जागा आज तळाच्या आत आहे, जपून ठेवलीय. तसंच लाँग स्ट्रीट नावाचं एक जुनं चर्च आहे, स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी १८४० च्या दशकात बांधलेलं. १९१८ नंतर जमिनी सरकारने घेतल्या, घरं गेली, पण चर्च आणि कबरी राहिल्या, आणि त्या घराण्यांचे वंशज वर्षातून एकदा तिथे जमतात.

आमचे साहेब सारखे सांगतात की तिथले पॅराट्रूपर २४ तासांत जगात कुठेही पोचतात. फेकतात का? (बँकेतला एक त्रासलेला क्लार्क)

अगदी फेकत नाहीत, पण थोडी गल्लत करतात. ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनची एक ब्रिगेड कायम तयारीत असते आणि आदेश आल्यापासून १८ तासांत पहिली तुकडी निघाली पाहिजे असा त्यांचा नियम आहे. मात्र निघणं वेगळं आणि पोचणं वेगळं, तेवढं साहेबांना अदबीने सांगा.

ही डिव्हिजन १९१७ ची. त्यात तेव्हाच्या सगळ्या ४८ राज्यांतले लोक होते म्हणून ऑल अमेरिकन, दंडावर अजून तेच दोन ए. १९४२ ला ती पॅराशूटवाली झाली आणि त्याच वर्षी ब्रॅगला आली. मग १९४३ ला सिसिली, सालेर्नो, १९४४ ला नॉर्मंडी, हॉलंड. आणि गंमत म्हणजे ब्रॅगवर उडी मारायच्या मैदानांची नावं हीच आहेत. सिसिली, नॉर्मंडी, सालेर्नो, हॉलंड, नाइमेगन. म्हणजे एकोणीस वर्षांचा पोरगा घरी फोन करून सांगतो की उद्या रात्री नॉर्मंडीवर उडी आहे, आणि पणजोबा खरोखर नॉर्मंडीत उतरलेले असतात.

उडी कशी असते ते थोडं सांगतो कारण सिनेमात चुकीचं दाखवतात. हौशी लोक मारतात तशी उंचावरून तरंगत यायची भानगड नाही. विमान हजार फुटांच्या आसपास, पाठीवर मोठं पॅराशूट, पोटावर राखीव, त्याच्या खाली मांड्यांपुढे लटकवलेली सॅक, बगलेला बंदूक, माणूस नीट चालू पण शकत नाही, बदकासारखा डुलत दरवाज्याशी येतो. पॅराशूटची पिवळी दोरी विमानातल्या तारेला हुक केलेली असते, बाहेर पडलं की तीच पॅराशूट खेचून उघडते, तुम्ही काही ओढायचं नाही, हनुवटी छातीला आणि मोजत राहायचं. मोजून झाल्यावर वर बघायचं, घुमट उघडलाय का. नसेल तर राखीव, आणि विचार करायला वेळ फार नाही, कारण एकूण प्रवासच मिनिटभराचा. जमीन जवळ आली की सॅक दोरीने खाली सोडायची, नाहीतर तिच्यासकट आपटाल. आणि उतरायचं उभं नाही, पाय जुळवून कुशीवर लोळायचं. तरी घोटे, गुडघे, पाठ, कोणाचं ना कोणाचं काहीतरी जातंच.

या लोकांना खरंच कुठे कुठे पाठवलं? १९६५ ला डॉमिनिकन रिपब्लिक, १९८३ ला ग्रेनाडा, १९८९ ला पनामा, १९९० ला सद्दाम कुवेतमध्ये घुसल्यावर सौदीत सगळ्यात आधी पोचलेल्यांत हेच. आणि ऑगस्ट २०२१ मधला काबूल विमानतळावरचा तो हिरवा फोटो आठवतो का, अंधारात एक माणूस बंदूक खाली धरून विमानाकडे चालत येतोय? तो अफगाणिस्तान सोडणारा शेवटचा अमेरिकन सैनिक, जनरल डॉनह्यू, तेव्हा याच ८२ व्या डिव्हिजनचा प्रमुख.

त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसांपैकी एक मात्र घरच्या अंगणातच आला. २३ मार्च १९९४, तळाला लागून असलेला पोप विमानतळ, पॅराट्रूपर उडीच्या तयारीत धावपट्टीच्या कडेला थांबलेले. वर एक एफ-१६ लढाऊ विमान आणि एक सी-१३० मालवाहू विमान उतरता उतरता एकमेकांना धडकले. सी-१३० कसंबसं उतरलं, एफ-१६ मधले दोघं बाहेर पडून वाचले, पण त्यांचं विमान जमिनीवर घसरत जाऊन उभ्या असलेल्या इंधन भरलेल्या मालवाहू विमानावर आदळलं आणि आगीचा लोळ थेट या पोरांवर आला. २४ जण गेले. पोप हे नाव पण अपघाताचंच आहे बघा, हार्ली पोप नावाचा वैमानिक जानेवारी १९१९ मध्ये केप फिअर नदीत विमान कोसळून गेला, त्याचं.

सैन्यामुळे जंगल वाचलं असं तुम्ही चौकटीत ओझरतं लिहिलं होतंत. तोफा डागून जंगल वाचतं? काहीही! (पक्षिनिरीक्षक, थोडा चिडलेला)

दादा, चिडू नका, ही गोष्ट खास तुमच्यासाठी राखून ठेवली होती. पूर्वी अमेरिकेच्या आग्नेय भागात लाँगलीफ पाइनची प्रचंड जंगलं होती, फूटभर लांब सुयांची पानं असलेली. तोडून, राळ काढून, शेती करून बहुतेक संपली. ब्रॅगवर मात्र टिकली कारण तिथे कोणी घरं बांधू शकत नव्हतं आणि दुसरं, तिथे सारख्या आगी लागायच्या. या झाडाला आग लागते, म्हणजे गरजेची असते. जमिनीवरचं गवत झुडूप जळून गेलं की याच्या रोपाला ऊन मिळतं, आणि रोपाचा कोंब सुयांच्या झुपक्यात सुरक्षित. तोफगोळ्यांनी ते काम नकळत केलं. आता तर जंगल खातं स्वतःच साधारण दर तीन वर्षांनी ठरवून आग लावतं.

या जंगलात एक छोटा सुतारपक्षी राहतो, रेड-कॉकेडेड. बाकीचे सुतारपक्षी मेलेल्या, मऊ पडलेल्या झाडात बीळ करतात, हा शहाणा जिवंत पाइन पोखरतो, आणि झाड पण म्हातारं हवं, ८०-१०० वर्षांचं, ज्याच्या गाभ्याला बुरशी लागून तो मऊ पडलाय. एक बीळ व्हायला महिने कुठले, वर्षं लागतात. आणि मग तो बिळाच्या भोवती खोडाला बारीक बारीक भोकं पाडत राहतो, त्यातून राळ ओघळत राहते, लांबून बघितलं तर झाडावर मेणबत्ती वितळल्यासारखी दिसते. ती राळ चिकट असते म्हणून झाडावर चढणारे साप वर येऊ शकत नाहीत. म्हणजे स्वतःच्या घराला स्वतःच कुंपण, आणि रोज त्याची डागडुजी.

१९७० ला हा पक्षी धोक्यातला म्हणून जाहीर झाला. १९९० ला वन्यजीव खात्याने सैन्याला स्पष्ट सांगितलं की तुमच्या सरावामुळे हा पक्षी संपेल. मग बिळाच्या झाडांवर पांढरे पट्टे रंगवले, त्याच्या आजूबाजूला रणगाडा नाही, खंदक नाही, तंबू नाही. सैनिकांची चिडचिड झाली, शत्रूपेक्षा पक्षी जड झाला म्हणायचे. पण नंतर कोणाच्यातरी डोक्यात प्रकाश पडला की तळाच्या बाहेरची शेजारची जंगलं पण राखली तर पक्षी तिकडे पसरेल आणि आत सरावाला मोकळीक मिळेल. निसर्ग संस्थांना बरोबर घेऊन सैन्याने त्या जमिनी विकत घ्यायला, त्यांच्यावर बांधकाम होऊ नये म्हणून करार करायला पैसे घातले. यात सैन्याचा अजून एक छुपा फायदा, तळाला खेटून बंगले झाले असते तर त्यांनीच उद्या रात्रीच्या तोफांच्या आवाजाची तक्रार केली असती, तेही टळलं. पक्ष्यांचं उद्दिष्ट ठरल्या मुदतीच्या आधी, २००६ मध्येच पूर्ण झालं, आणि २०२४ मध्ये हा पक्षी एक पायरी कमी धोक्याच्या यादीत आला.

आणि अजून एक, हे तर पटणारच नाही. सेंट फ्रान्सिस सॅटर नावाचं एक मातकट रंगाचं फुलपाखरू आहे, १९८३ ला सापडलं, जगात फक्त ब्रॅगवर. आणि ब्रॅगवर पण सगळ्यात जास्त कुठे, तर जिथे गोळे पडतात तिथे, जिथे माणसाला पाय ठेवायला बंदी! कारण गोळ्यांनी आगी लागतात, बीव्हर नावाचे प्राणी ओढ्यावर बांध घालतात, त्यातून मोकळी दलदलीची गवताळ जागा होते, आणि त्याला तेवढीच लागते. आधी शास्त्रज्ञांनी इतर जागा अगदी जपून, हात न लावता राखल्या आणि तिथेच ते कमी होत गेलं.

म्हणून तोफा चांगल्या असं माझं म्हणणं नाही हां. गोळ्यांखाली बेडूक, साप, घरटी मेलीच असतील, त्यांची कोण मोजदाद ठेवतं. पण तोफांपेक्षा बिल्डर वाईट, एवढं मात्र त्या जंगलाच्या बाबतीत खरं आहे.

ग्रीन बेरे म्हणतात ते कमांडो तिथलेच का?

हो, तिथलेच. पहिला स्पेशल फोर्सेस ग्रुप जून १९५२ मध्ये ब्रॅगवर उभा राहिला. ज्या हिरव्या टोपीवरून हे नाव पडलं ती मात्र आधी सैन्याला मान्य नव्हती, फार फॅन्सी वाटायची, चोरून घालायचे. १२ ऑक्टोबर १९६१ ला अध्यक्ष केनेडी भेटीला आले तेव्हा जनरल यारबरो ती घालूनच समोर गेले, केनेडींना आवडली, आणि मग कोणाची बोलायची बिशाद. त्याच भेटीत एका माणसाने पाठीवर रॉकेटचा पट्टा बांधून पाण्यावरून उडत येऊन केनेडींसमोर उतरून सलाम ठोकला होता. ते यंत्र जेमतेम वीस सेकंद चालायचं, त्यामुळे सैन्याने पुढे नाद सोडला, टोपी राहिली.

शेजारच्या गावाचं काय? छावणीजवळची गावं चांगली नसतात असं ऐकून आहे.

फाएटविलला व्हिएतनामच्या काळात लोक फाएटनाम म्हणायचे, म्हणजे समजून घ्या. बार, गहाणवटीची दुकानं, जुन्या गाड्यांचे विक्रेते, आणि पगाराच्या बोलीवर कर्ज देणारे, ज्यांचं व्याज ऐकून सावकार पण लाजला असता. अठरा-वीस वर्षांची पोरं, हातात पहिलाच पगार, घर लांब, पुढच्या महिन्यात कुठे पाठवतील माहीत नाही. हा प्रकार सगळ्याच छावण्यांभोवती इतका वाढला की २००६ मध्ये काँग्रेसला कायदा करून सैनिकांच्या अशा कर्जावर वर्षाला ३६ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. तीही काही कमी नाही म्हणा. गावाचा मधला भाग आता बराच सुधारलाय.

आणि आत पण सगळं चकाचक असतं असं नाही. २०२२ मध्ये स्मोक बॉम्ब हिल भागातल्या १९७० च्या दशकातल्या बराकींमध्ये बुरशी इतकी झाली की हजाराहून जास्त सैनिकांना दुसरीकडे हलवावं लागलं. त्याच तळावर २०१६ ला एका रात्रीच्या मेजर लीग बेसबॉल मॅचसाठी अख्खं स्टेडियम उभं केलं होतं, म्हणजे हात चालत नाही असं नाही, कशावर चालवायचा ते ठरलेलं असतं.

शेवटचा, परत आमच्या बाईंचाच: मला बघायला मिळेल का? पुढच्या वर्षी परत जातेय.

आत जायला पास लागतो, ओळखपत्र तपासतात, परदेशी नागरिकाला सोपं नाही, त्यामुळे तो नाद सोडा. पण फाएटविलमध्ये गावातच एअरबोर्न अँड स्पेशल ऑपरेशन्स म्युझियम आहे, २००० साली उघडलेलं, पास लागत नाही, तिकीटही नाही. बाहेरच आयर्न माइकचा पुतळा आहे, बंदूक हातात घेतलेला पॅराट्रूपर, मूळ पुतळा १९६१ चा, लिया हीबर्ट नावाच्या बाईंनी घडवलेला. रॅलेहून गाडीने सव्वा-दीड तास. मुलाला सुट्टीच्या दिवशी काढा बाहेर. मी गेलो होतो तेव्हा म्युझियममधून निघून पार्किंगमध्ये उभा होतो आणि लांबून धप्प, थोड्या वेळाने परत धप्प असा आवाज, मला वाटलं वीज कडाडतेय, आभाळ तर स्वच्छ निळं. बाजूच्या गाडीत सामान ठेवणाऱ्या आजी मान पण वर न करता म्हणाल्या, तोफखाना आहे रे, मंगळवार आहे ना.